दारातला प्रश्न: आपल्याच दवाखान्यात छोटं संशोधन कसं करावं

गुडघ्यासाठी आलेले आजोबा प्रिस्क्रिप्शन घेऊन उठले, काठी सावरली, दाराच्या मुठीला हात लावला आणि मागे वळले. “एक सांगायचं राहिलंच. हल्ली जिना चढताना इथं दाटून येतं. वयामुळेच असेल, नाही का?” हात छातीच्या बरोबर मध्यावर.

मी पुढच्या पेशंटसाठी बेल दाबून मोकळी झाले होते. आजोबांना परत बसवलं, ईसीजी काढला. तो ठीक नव्हता, म्हणून त्याच दिवशी हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. हे सगळं उरकल्यावर सिस्टर सहज म्हणाल्या, “आजचे हे तिसरे.” मी विचारलं, कसले तिसरे? “दारात आठवणारे.”

त्या कित्येक महिने हे बघत होत्या. मी बावीस वर्षं प्रॅक्टिस करते. माझ्या लक्षात एकेक पेशंट राहिला होता, त्यांची रांग मात्र दिसली नव्हती. फॅमिली मेडिसिनमध्ये संशोधन करायचं म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते: “आजचे हे तिसरे” हे वाक्य कागदावर नीट उतरवायचं. ते कसं उतरवायचं आणि मी कुठे कुठे आपटले, ते इथे लिहिते.

आपण पेशंट बघावेत, संशोधन मोठ्या हॉस्पिटलांनी करावं, असं मलाही वाटायचं. १९६१ साली केर व्हाइट हे अमेरिकन डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशोब मांडला होता. १००० प्रौढ माणसं घेतली तर एका महिन्यात त्यातल्या सुमारे ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात, ९ हॉस्पिटलात दाखल होतात आणि विद्यापीठाच्या हॉस्पिटलापर्यंत पोहोचतो तो १. आपण शिकतो त्या एकावर आणि आयुष्यभर बघतो ते २५०. त्या २५० जणांबद्दलचे प्रश्न त्या एकाच्या खाटेपाशी बसून सुचणार कसे?

प्रश्न लहान करा, मग अजून लहान करा

माझा पहिला प्रयत्न फार भव्य होता. “मधुमेही पेशंटची काळजी सुधारणे.” त्यासाठी मी ३१ रकान्यांचा तक्ता बनवला. वय, वजन, शुगर, पायाची तपासणी, डोळ्यांची तपासणी, घरात कोण कोण, झोप किती. नवव्या दिवशी तो ड्रॉवरमध्ये गेला आणि तिथेच राहिला. संध्याकाळी सात वाजता, बाहेर अकरा जण बसलेले असताना, ३१ रकाने कोणी भरत नाही. मी तर नाहीच.

आता मी प्रश्न एका वाक्यात बसतो का ते बघते. कोणाबद्दल, काय मोजणार, किती दिवस. “पुढचे चार आठवडे, सकाळच्या ओपीडीतले किती पेशंट प्रिस्क्रिप्शन हातात पडल्यावर नवी तक्रार काढतात?” बस. यात “समाधान”, “गुणवत्ता”, “जाणीव” असले शब्द आले की समजावं, मोजायचं काय ते अजून ठरलेलं नाही.

दुसरी कसोटी मी स्वतःला लावते ती अशी: उत्तर आलं तर सोमवारी सकाळी मी काय वेगळं करणार आहे? याचं उत्तर देता येत नसेल तर तो प्रश्न रंजक असेल, पण आपल्या दवाखान्याच्या कामाचा नाही. प्रश्न शोधायला लांब जाऊ नका. रिसेप्शनवरची मुलगी कशाने वैतागते, ते विचारा. कोणत्या कामासाठी पेशंटला दोनदा यावं लागतं, रिपोर्ट येऊनही कोणाला कळवायचे राहून जातात, हे तिला पाठ असतं.

बदलण्याआधी मोजा

हे सगळ्यांत अवघड. चूक दिसली की डॉक्टरचा हात शिवशिवतो, लगेच सुधारायची असते. पण आधीचा आकडा नसेल तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. मी सिस्टरना म्हटलं, पहिले चार आठवडे आपण काहीही बदलायचं नाही, नुसतं मोजायचं. त्यांना ते पटलं नाही. “म्हणजे कळूनसुद्धा तसंच चालू ठेवायचं?” प्रश्न रास्त होता. दारात जे जे सांगितलं जाईल ते ऐकायचं आणि तपासायचं, त्यात कसूर नाही. फक्त विचारण्याची पद्धत तूर्त आहे तीच, असं ठरलं.

मग व्याख्या. “दारातला प्रश्न” म्हणजे नेमकं काय? गोळी जेवणाआधी की नंतर, हा धरायचा का? नाही, ती आधीच्याच बोलण्यातली शंका. “माझ्या आईच्या खोकल्याचं काय करू?” यावर आमचं अर्धा तास वाजलं. शेवटी ठरलं: त्याच पेशंटची, त्याच भेटीत आधी न निघालेली, शरीराची किंवा मनाची नवी तक्रार. आई धरायची नाही. प्रिस्क्रिप्शनचा कागद त्याच्या हातात गेला, तो क्षण सीमारेषा.

लिहून ठेवलेली व्याख्या चालते की नाही, हे तपासायची एक सोपी रीत आहे. दोघांनी एकमेकांना न दाखवता त्याच वीस पेशंटच्या नोंदी करायच्या आणि मग कागद शेजारी ठेवायचे. आमचं सहा ठिकाणी जुळलं नाही. भांडण बहुतेक “थकवा” या शब्दावरून होतं: तापाबरोबरचा थकवा सिस्टर नवा धरत होत्या, मी नाही. व्याख्येत एक ओळ वाढवली, पुढच्या विसांत एकाच ठिकाणी फरक राहिला. हे पाऊल गाळू नका. ते गाळलं तर महिनाभराने कळतं की दोघं दोन वेगळ्या गोष्टी मोजत होतो.

साधन काय? पोस्टकार्डाएवढा एक पुठ्ठा, टेबलाच्या कडेला चिकटवलेला, आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी. कॉम्प्युटरवर करायचं तर करा, पण नोंदीला तीन सेकंदांपेक्षा जास्त लागले तर गर्दीच्या दिवशी नोंद होणार नाही, आणि आपल्याला हवा असतो नेमका तोच दिवस.

इथेच मी दुसऱ्यांदा आपटले. पहिल्या आठवड्यात रेघा ओढल्या, पण त्या दिवशी एकूण पेशंट किती हे लिहिलंच नाही. अंश होता, छेद नव्हता. १४ रेघा म्हणजे जास्त की कमी? ४० पेशंटमागे एक अर्थ, २०० मागे दुसरा. तो आठवडा फुकट गेला. आता पुठ्ठ्यावर सर्वांत वर “आज एकूण” अशी चौकट असते आणि ती भरल्याशिवाय दवाखान्याचं कुलूप लागत नाही.

दुसऱ्यांनी काय केलंय ते बघा

मोजणी चालू असतानाच वाचायला घ्यावं. चार-पाच निबंध पुरतात, पण ते खरोखर वाचायचे, नुसता सारांश नाही. मला पहिला धक्का दिला तो १९८४ साली बेकमन आणि फ्रँकेल यांनी छापलेल्या अभ्यासाने. त्यांनी ७४ भेटींच्या ध्वनिफिती ऐकल्या. पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये तोंड घालत होते. मी हसले, मग माझ्याच भेटी घड्याळ लावून पाहिल्या. (हसू गेलं.)

दुसरा अभ्यास २००७ चा, हेरिटेज आणि सहकाऱ्यांचा, आणि तो मी अजूनही सगळ्यांना सांगत असते. २० फॅमिली डॉक्टर. पेशंटने मुख्य तक्रार सांगितल्यावर निम्म्या डॉक्टरांनी एक प्रश्न विचारायचा, निम्म्यांनी दुसरा. दोन्हींचा अर्थ एकच, “आणखी आहे का?” फरक एका शब्दाचा: एकात इंग्रजी ‘एनी’ (काहीही), दुसऱ्यात ‘सम’ (काहीतरी). ‘एनी’चा प्रश्न न विचारल्यात जमा होता. ‘सम’च्या प्रश्नाने मात्र, मनात असून न सांगता घरी जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या. आणि भेट लक्षणीय लांबली नाही.

आता हे मराठीत कसं आणायचं? नुसतं भाषांतर करून भागत नाही. आपण सगळे विचारतो, “अजून काही त्रास नाही ना?” या वाक्यात पेशंटचं उत्तर आधीच भरून दिलेलं आहे. पेशंट सभ्य असतो, तो आपलं “नाही” आपल्याला परत करतो. “अजून काही आहे का?” थोडं बरं, तरी त्यालाही “नाही, बाकी ठीक” हे उत्तर ओठावर तयार असतं. मी बरेच दिवस पेशंटना वेगवेगळं विचारून पाहिलं आणि शेवटी “आणखी काय काय बोलायचं ठरवून आलात?” यावर थांबले. “काय काय” मध्ये एकापेक्षा जास्त असणारच, हे गृहीत आहे. “ठरवून आलात” म्हटलं की माणूस घरून निघताना मनात केलेली यादी आठवतो. कुणी खिशातून चिठ्ठीही काढतो.

एकच गोष्ट बदला, आणि थोड्यांवर

योजना, करणं, बघणं, सुधारणं: गुणवत्तेची कामं करणारे याला पीडीएसए (प्लॅन, डू, स्टडी, ॲक्ट) म्हणतात, आणि त्याच्यासोबत कारखान्यांतल्या गुणवत्तेवर काम केलेल्या शेवार्ट व डेमिंग यांची नावं येतात. नाव काहीही असो, मर्म एवढंच की पहिली फेरी इतकी छोटी हवी की फसली तरी लाज वाटू नये. मी पहिल्या दिवशी फक्त पहिल्या पाच पेशंटना नवा प्रश्न विचारला.

पाचपैकी चौघे म्हणाले, काही नाही. मी खट्टू. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही विचारताना स्क्रीनकडे बघत होता. आणि हात कीबोर्डवर.” म्हणजे तोंडाने दार उघडत होते, हाताने लावत होते. दुसऱ्या दिवशी प्रश्न तोच ठेवला, फक्त विचारताना खुर्ची वळवली आणि पेन खाली ठेवलं. फरक लगेच जाणवला. पण जाणवलं म्हणून आकडा धरायचा नाही. आम्ही “खुर्ची वळवून, प्रिस्क्रिप्शन लिहायला घेण्याआधी” असं व्याख्येतच लिहिलं आणि पुढचे आठ आठवडे तसंच केलं.

त्या आठ आठवड्यांत आणखी काही बदलायचा मोह होतो. नवीन अपॉइंटमेंट पद्धत, नवीन फॉर्म. थांबा. दोन गोष्टी एकदम बदलल्या की श्रेय कोणाला द्यायचं ते कळत नाही.

आकड्यांशी प्रामाणिक राहणं

तक्ते नकोत, ठिपके काढा. आडव्या रेषेवर आठवडे, उभ्या रेषेवर दर १०० पेशंटमागे दारातले प्रश्न. बदलाआधीच्या ठिपक्यांचा मध्यक काढा, म्हणजे निम्मे वर, निम्मे खाली येतील अशी रेषा, आणि ती पुढे ओढत न्या. बदलानंतर सलग सहा ठिपके एकाच बाजूला पडले तर तो नुसता योगायोग नसावा, असा या ठिपक्यांच्या आलेखाचा (रन चार्टचा) प्रचलित नियम आहे. दोन ठिपके खाली गेले म्हणून उड्या मारू नयेत. (चार आठवड्यांचा मध्यक तसा लंगडाच, आज करायचं तर आधीची मोजणी मी आठ-दहा आठवडे चालवीन.)

सगळ्यांत मोठा चकवा बीपीच्या कामात बसतो. आज ज्यांचं बीपी फार जास्त आलं तेवढेच निवडले, त्यांना पत्रक दिलं, महिन्याने मोजलं. सरासरी खाली आली. पत्रकाचा गुण? त्यातल्या काहींचं बीपी त्या दिवशी धावत आल्याने, झोप न झाल्याने, नुसत्या दवाखान्याच्या भीतीने चढलं होतं. पत्रक न देताही ते उतरलंच असतं. टोकाचे आकडे पुढच्या खेपेला सरासरीकडे सरकतात. म्हणून सुरुवातीचा आकडा एकदाच घेऊ नये, दोन-तीन भेटींचा घ्यावा. जमलं तर पत्रक न मिळालेला तसाच गटही बघावा.

आणि बदलाची किंमत मोजा. आमचे दारातले प्रश्न घटले. ठिपके सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे रेषेखाली. पण बाहेर बसण्याचा वेळ आम्ही दुसऱ्या पुठ्ठ्यावर टिपत होतो, आणि सोमवारी तो वाढला होता. अमेरिकेतल्या त्या वीस डॉक्टरांकडे भेट लांबली नाही, माझ्याकडे सोमवारी लांबली. अभ्यास खोटा ठरत नाही त्याने. माझा सोमवार वेगळा आहे, एवढंच. आम्ही सोमवारी अपॉइंटमेंटच्या दोन जागा रिकाम्या ठेवायला लागलो.

जे आलेच नाहीत

दवाखान्यातल्या संशोधनाची मोठी खोट म्हणजे आपण येणाऱ्यांनाच मोजतो. वेल्समधल्या ग्लिनकोरूग या खाणकामगारांच्या गावात ज्यूलियन ट्यूडर हार्ट नावाचे फॅमिली डॉक्टर होते. १९७१ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी एक नियम मांडला: चांगल्या वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथेच ती कमी मिळते. ते नियम मांडून थांबले नाहीत. आपल्या यादीवरच्या सगळ्या प्रौढांचं बीपी मोजायचं ठरवलं. जे आले नाहीत त्यांच्यामागे लागले.

माझ्या पेशंटच्या बीपीचे आकडे उत्तम होते. मग सिस्टरनी विचारलं, “हे आलेल्यांचे. वर्षभरात फिरकलेच नाहीत ते?” आम्ही जुने केसपेपर काढून यादी केली. छेद बदलला तसा माझा उत्तम आकडा बेताचा झाला. तो दिवस मला आवडला नाही.

यादीतल्यांना फोन केले. उत्तरं आधी न ठरवता, त्यांच्याच शब्दांत उतरवली. एक बाई म्हणाल्या, “गोळी पांढरी होती, ती गुलाबी आली. वाटलं, चुकून दुसऱ्याची दिली. मग बंदच केली.” मी हा प्रकार अडाणीपणात जमा केला असता. पण वाचायला गेले तर तो मोजलेला होता. हृदयविकाराच्या झटक्यानंतर औषधं घेणाऱ्यांवरचा, २०१४ साली प्रसिद्ध झालेला केसेलहाइम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आहे: त्याच औषधाच्या गोळीचा रंग बदलला की ती बंद होण्याची शक्यता (ऑड्स) ३४ टक्क्यांनी वाढली, आकार बदलला की ६६ टक्क्यांनी. तेव्हापासून आम्ही प्रिस्क्रिप्शन देताना सांगतो, गोळीचं रूप बदललं तर बंद करण्याआधी फोन करा.

मुलाखती घेणार असाल तर एक सूचना. “औषध का घेतलं नाही?” हा प्रश्न पोलिसी आहे. “शेवटची गोळी घेतली तो दिवस कसा होता?” असं विचारलं की गोष्ट निघते.

परवानगी आणि नावं

हे थोडक्यात, पण आधीच. स्वतःच्या दवाखान्याचं काम सुधारण्यापुरती मोजणी असेल तरी पुठ्ठ्यावर नाव लिहू नये, क्रमांक लिहावा. क्रमांक-नावाची वही वेगळ्या कुलपात. बाहेर कुठे छापायचं मनात असेल तर नैतिक समितीकडे मोजणी सुरू करण्यापूर्वी जा. नंतरची परवानगी बहुधा मिळत नाही, आणि मिळू नयेच. पेशंट “नको” म्हणाला तर त्याच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये, आणि हे त्याला शब्दांत सांगा. आपण त्याचे डॉक्टर आहोत, “नाही” म्हणणं त्याला जड जातं. म्हणून संमती मी घेत नाही, रिसेप्शनवरची मुलगी घेते. छोट्या वस्तीत नाव झाकून भागत नाही. वय, व्यवसाय आणि एक दुर्मीळ आजार एवढं लिहिलं की शेजारीपाजारी ओळखतात.

वही सोडू नका

विल्यम पिकल्स हे यॉर्कशायरमधल्या एका दरीतले फॅमिली डॉक्टर. त्यांनी वर्षानुवर्षं आपल्या गावांतल्या साथींची रोजची नोंद ठेवली, त्यात पत्नीची मदत. १९२९ साली काविळीची साथ आली तेव्हा कोण कोणाला कधी भेटलं, कोणत्या जत्रेला गेलं, हे त्यांना माहीत होतं, आणि त्यावरून लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंतचे दिवस त्यांनी काढले. मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलला ते जमण्यासारखं नव्हतं. तिथे आजारी माणूस येतो, त्याचा मागचा महिना येत नाही. आपल्याकडे तो महिना असतो, बऱ्याचदा मागची वीस वर्षंही. या ओळखीचं मोल आता आकड्यांतही दिसतं: २०१८ साली पेरेरा ग्रे आणि सहकाऱ्यांनी २२ अभ्यास एकत्र पाहिले. त्यातल्या १८ मध्ये, तेच ते डॉक्टर भेटत राहणाऱ्या पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. कारण आणि योगायोग यांतली सीमा इथे धूसर आहे, हे मान्य. तरी तुमच्याकडे दोन-तीन डॉक्टर असतील तर मोजून बघा: एका पेशंटच्या गेल्या दहा भेटींपैकी सर्वांत जास्त वेळा भेटलेल्या डॉक्टरकडे किती झाल्या? सात, तर ०.७. मधुमेहींच्या यादीवर हा हिशोब एका दुपारी होतो.

कायम मोजत राहायची गरज नाही, माणसं थकतात. दारातल्या प्रश्नांचा पुठ्ठा आम्ही काढून टाकला. आता दर तीन महिन्यांनी एक आठवडा लावतो. गेल्या खेपेला ठिपका पुन्हा मध्यकाच्या वर गेला होता. शोधलं तर मी परत “अजून काही नाही ना?” वर आले होते, आणि मला पत्ताही नव्हता. सिस्टरनी नवा प्रश्न कागदावर लिहून स्क्रीनच्या खालच्या कडेला चिकटवलाय, माझी नजर जाते तिथेच. रिसेप्शनवरच्या मुलीने तिचा स्वतःचा पुठ्ठा सुरू केलाय. वर लिहिलंय, “रिपोर्ट आला, कळवायचा राहिला”. पहिल्या दोन दिवसांत सात रेघा, आणि या वेळी छेद तिने आधीच लिहिलाय.